वाळवंटातल्या झुडपात पिसार्रिता कशी शोधाल : आरिकाला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

दक्षिण अमेरिकेला जाणारे आपल्याकडचे बहुतेक पक्षीमित्र अॅमेझॉन गाठतात, नाहीतर कोंडोर बघायला अँडीजमध्ये चढतात. पेरूचा दक्षिण किनारा आणि चिलीचं उत्तर टोक या भागाकडे फार कोणी वळत नाही, कारण नकाशावर तिथे नुसती वाळू दिसते. याच वाळूत नदीकाठच्या हिरव्या पट्ट्यांना धरून एक राखाडी पक्षी राहतो. इंग्रजीत त्याला स्लेंडर-बिल्ड फिंच म्हणतात, चिलीत पिसार्रिता, आणि पेरूच्या याद्यांमध्ये त्याचं नाव फ्रिंगिलो आपिसार्रादो असं असतं. शास्त्रीय नाव झेनोस्पिंगस कॉनकलर. या प्रजातीत (जीनसमध्ये) ही एकच जाती (स्पीशीज) आहे. नावात फिंच असलं तरी आजच्या वर्गीकरणात ती टॅनेजर नावाच्या अमेरिकी पक्ष्यांच्या कुळात बसते. १८३७ मध्ये दोर्बिन्यी आणि लाफ्रेने या फ्रेंच अभ्यासकांनी तिचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं.

मी तिच्यासाठी तिकडे जाऊन आले. जाण्याआधी मराठीत काहीच सापडलं नव्हतं, आणि इंग्रजीत जे मिळालं ते तिथे आधीपासून फिरणाऱ्यांनी एकमेकांसाठी लिहिलेलं होतं. व्हिसापासून झुडपापर्यंत नवख्या माणसाचं जिथे अडतं ते सगळं इथे क्रमाने देते आहे.

१. आधी झुडूप ओळखा, पक्षी नंतर

ही पायरी बरेच जण गाळतात आणि मग दोन दिवस उन्हात फिरून रिकाम्या हाताने परततात. पिसार्रिता वाळवंटात राहत नाही. वाळवंटातून जाणाऱ्या पाण्याच्या काठाला राहते. लिमापासून दक्षिणेला चिलीतल्या आंतोफागास्ताच्या उत्तर भागापर्यंत तिचा वावर आहे, पण नकाशावर सलग रंगवलेला तो पट्टा फसवा आहे. प्रत्यक्षात अँडीजमधून समुद्राकडे उतरणाऱ्या नद्यांची खोरी सुटी सुटी आहेत, आणि दोन खोऱ्यांच्या मध्ये मैलोनमैल गवताचं पातंही नाही.

पाऊस किती कमी, याचा अंदाज यावा म्हणून सांगते. चिलीच्या उत्तर टोकावरच्या आरिका शहरात ऑक्टोबर १९०३ ते जानेवारी १९१८ असे सलग १७३ महिने पाऊस पडला नाही, आणि जागतिक हवामान संघटनेच्या नोंदीत हा सर्वांत मोठा कोरडा काळ आहे. किनाऱ्याला लागून वाहणाऱ्या थंड हम्बोल्ट प्रवाहामुळे ढग येतात, धुकं येतं, पण पाऊस पडत नाही. त्यामुळे तिथे जे काही हिरवं दिसतं ते नदीच्या, झऱ्याच्या नाहीतर पाटाच्या पाण्यावरचं असतं.

शोधायचं ते असं : पाण्यालगतचं दाट, पुरुषभर उंचीचं, गुंतलेलं झुडूप. लांबट पानांच्या चिल्का झुडपांच्या जाळ्या, खारट जमिनीत वाढणारी सोरोना, बोरूची बेटं, पाटाच्या कडेची मोये झाडं. दिसायला हे सगळं रानमाजलेलं आणि दुर्लक्षित असतं. साफ केलेला बांध, नीट छाटलेलं कुंपण किंवा नुसता नांगरलेला तुकडा दिसला तर तिथे वेळ घालवू नका. जुन्या ऑलिव्हच्या बागांतही ती येते, पण बागेच्या कडेला असं झुडूप असेल तर.

२. ठिकाण निवडा : आरिका की मेहिया

नवख्यांसाठी दोनच ठिकाणं सुचवते.

पहिलं आरिका, चिलीचं अगदी उत्तरेचं शहर. राजधानी सान्तियागोहून विमानाने अडीच ते तीन तास. शहराच्या दोन बाजूंना दोन खोरी आहेत, आसापा आणि युता, आणि दोघांचा स्वभाव वेगळा आहे.

आसापा खोरं शहराला चिकटून आहे. सान मिगेल दे आसापा हे गाव बारा किलोमीटरवर, आणि तिथे जायला शहरातून शेअर टॅक्सी मिळतात. त्यांना कोलेक्तिवो म्हणतात. हे खोरं ऑलिव्ह आणि टोमॅटोसाठी प्रसिद्ध आहे. पण गेल्या काही वर्षांत टोमॅटोची शेतं जाळीदार कापडाच्या प्रचंड मांडवांखाली गेली. मांडव उभारताना बांधावरची झुडपं आधी काढतात, म्हणजे नेमका पिसार्रितेचा निवारा जातो. तिला असलेला मुख्य धोका हाच आहे : नदीकाठची झाडी तोडून तिथे शेती येणं. आसापात ती अजून दिसते, पण कुठल्या कोपऱ्यात झुडूप शिल्लक आहे ते हुडकावं लागतं.

युता खोरं शहराच्या उत्तरेला दहाएक किलोमीटरवर सुरू होतं. युता नदीला बारमाही पाणी असतं, पण ते खारट आणि बोरॉनयुक्त आहे. या पाण्यावर मका, कांदा, लसूणघास अशी थोडीच पिकं तग धरतात. ऑलिव्ह-टोमॅटोची श्रीमंती इथे कमी आली, आणि त्यामुळे नदीकाठची झुडपं बऱ्याच अंशी वाचली. माझं स्पष्ट मत : एकच सकाळ हातात असेल तर ती युतात घालवा. नदीच्या मुखाजवळची पाणथळ २००९ पासून संरक्षित आहे, आणि आत पोकोनचिले गावापर्यंत रस्त्याच्या कडेने जागोजागी चांगलं झुडूप लागतं.

दुसरं ठिकाण पेरूतलं मेहिया. आरेकिपा प्रांताच्या किनाऱ्यावर मोयेंदो गावाच्या जवळ मेहियाची खारकच्छं आहेत. १९८४ पासून ते राष्ट्रीय अभयारण्य आहे, १९९२ पासून रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ), क्षेत्र ६९० हेक्टर. शेजारीच ताम्बो नदीचं खोरं आहे. आरेकिपा आणि माचू पिच्चू बघायला जाणार असाल तर वेगळा चिली दौरा न करता इथेच पिसार्रिता गाठणं सोयीचं. किनारी पाणपक्ष्यांची गर्दी हा वरचा नफा.

दोन्ही जोडायची हौस असेल तर पेरूतलं ताकना शहर आणि आरिका यांच्यात जेमतेम पंचावन्न किलोमीटर अंतर आहे, आणि शेअर टॅक्सी सरहद्द पार करून जातात. ड्रायव्हर कागदपत्रांच्या रांगेत मदत करतात. एक गोष्ट विसरू नका : दोन्ही देशांच्या घड्याळात फरक आहे, चिलीच्या हिवाळ्यात एक तास आणि उन्हाळ्यात दोन तास. परतीचं विमान ताकनाहून असेल तर हा हिशोब आधी मांडा.

३. कधी जायचं

पिसार्रिता बारमाही तिथेच असते, स्थलांतर करत नाही. म्हणून ऋतू तुमच्या सुट्टीप्रमाणे निवडता येतो. फक्त एवढं ध्यानात ठेवा की जानेवारी ते मार्चमध्ये वर अँडीजच्या पठारावर पाऊस पडतो आणि त्याचं गढूळ पाणी युता आणि आसापा खोऱ्यांत लोंढ्यासारखं येतं. किनाऱ्यावर थेंब नसताना नदीला पूर येतो, आणि काठावर उतरण्याच्या वाटा बंद होतात.

जून ते सप्टेंबर सकाळी बहुधा ढगाळ असतं. फोटोला हा प्रकाश मंद वाटतो, पण पक्षी जास्त वेळ हालचाल करतात. मला हा काळ पसंत आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरही उत्तम.

दिवसातली वेळ मात्र हवी तशी चालत नाही. आरिकात सूर्य साधारण सातच्या आसपास उगवतो. उजाडताना तुम्ही झुडपाशी उभे असायला हवं. दहा-साडेदहानंतर समुद्राकडून वारा सुटतो, झुडूप हलायला लागतं, आणि हलत्या पानांत राखाडी पक्षी बघणं जवळपास अशक्य होतं. वारा सुटला की सरळ सान मिगेलच्या पुरातत्त्व संग्रहालयात जा. तिथे चिन्चोरो या प्राचीन किनारी लोकांच्या ममी आहेत, इजिप्तच्या ममींहून जुन्या. २०२१ मध्ये आरिका परिसरातली चिन्चोरो स्थळं युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली.

४. कागदपत्रं

हा भाग कंटाळवाणा आहे, पण सहल बिघडते ती बहुतेक इथेच.

- पासपोर्ट, प्रवासाच्या तारखेपासून किमान सहा महिने वैध.
- चिलीचा व्हिसा. भारतीय पासपोर्टवर सहसा आधी अर्ज करून व्हिसा घ्यावा लागतो. बँक स्टेटमेंट, परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग आणि दिवसवार कार्यक्रम जोडावा. कार्यक्रमात "पक्षीनिरीक्षण, आरिका" असं साधं लिहिलं तरी चालतं. कोणी बोलावलं आहे का, हा प्रश्न आल्यास गडबडू नका, पर्यटनच आहे असं सांगा.
- पेरूसाठी २०१७ पासून सवलत आहे : अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेन देशांचा किमान सहा महिने वैध व्हिसा असलेल्या भारतीयांना पर्यटनासाठी वेगळा व्हिसा लागत नाही. नियम बदलतात, म्हणून तिकीट काढण्याआधी वकिलातीच्या संकेतस्थळावर एकदा खात्री करा.
- ट्रान्झिटचा विचार. भारतातून थेट विमान नाही. अमेरिकेमार्गे जायचं तर नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो. स्वस्त तिकीट दिसलं म्हणून घाईने काढू नका. युरोपातल्या काही विमानतळांचेही ट्रान्झिटचे स्वतंत्र नियम आहेत.
- पीतज्वराच्या लशीचं प्रमाणपत्र. पेरू भारताच्या पीतज्वर यादीत आहे, चिली नाही. तुम्ही पेरूत पाऊल ठेवलंत तर मुंबईला उतरताना हे पिवळं कार्ड मागतात. नसेल, किंवा लस घेऊन दहा दिवस झालेले नसतील, तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि तारीख लवकर मिळत नाही, म्हणून महिनाभर आधी हालचाल करा. ब्राझीलमार्गे येणार असाल तर विमानतळाबाहेर पडण्याआधी याचा विचार करा, कारण ब्राझीलही यादीत आहे.
- गाडी भाड्याने घेणार असाल तर आपल्या आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना. मूळ लायसन्सही सोबत हवं.
- चिलीत प्रवेश करताना इमिग्रेशनवाले जी नोंद देतात ती जपा. ती आणि पासपोर्ट दाखवून डॉलरमध्ये किंवा परदेशी कार्डाने पैसे भरलेत तर हॉटेलच्या बिलावरचा १९ टक्के कर परदेशी पर्यटकाला माफ होतो. हे हॉटेलवाले आपणहून सांगतीलच असं नाही.

आता मराठी घरातून निघणाऱ्या बॅगेबद्दल. चिलीचं कृषी खातं, तिकडे त्याला साग म्हणतात, विमानतळावर आणि सरहद्दीवर बॅगा तपासतं. फळं, बिया, डाळी, मध, तूप, सुकामेवा, घरचं लोणचं, मसाले यांपैकी काहीही असेल तर घोषणापत्रावर "हो" लिहा. घोषित केलं तर फार तर वस्तू काढून घेतील. लपवलं आणि सापडलं तर दंड होतो, तोही डोळ्यांत पाणी आणणारा. मी तर म्हणेन की खाण्याचं काही नेऊच नका. आरिकाच्या बाजारात सगळं मिळतं, आणि आसापाचे काळेभोर ऑलिव्ह भाकरीबरोबर नसले तरी पावाबरोबर फार छान लागतात.

५. सोबत काय घ्यायचं

- ८ बाय ४२ ची दुर्बीण. झुडपातल्या पक्ष्याला जास्त मोठी लागत नाही, उलट मोठ्या पटीत तो फ्रेमबाहेर पळतो.
- फोनवर ईबर्ड (पक्ष्यांच्या नोंदी टाकायचं आणि बघायचं अॅप) आणि मर्लिन (पक्षी ओळखायचं अॅप). मर्लिनमध्ये चिलीचा पॅक घरूनच डाउनलोड करा, खोऱ्यांच्या आतल्या भागात नेटवर्क भरवशाचं नाही.
- टोपी, पूर्ण बाह्यांचा शर्ट, सनस्क्रीन. ढग असले तरी ऊन भाजतं.
- दोन लिटर पाणी. युताचं पाणी दिसायला स्वच्छ असलं तरी पिऊ नका.
- मातकट किंवा हिरवट रंगाचे कपडे.
- चिलीचे पेसो, सुटे. शेअर टॅक्सीत कार्ड चालत नाही.

फोटोग्राफरांनी मोठी लेन्स जरूर न्यावी, पण आधी पक्षी बघावा आणि मग कॅमेरा उचलावा. ती एका जागी फार वेळ बसत नाही.

जाण्याआधीच्या आठवड्यात ईबर्डवर पिसार्रितेचा नकाशा उघडा आणि फक्त गेल्या महिनाभरातल्या नोंदी निवडा. दहा वर्षांपूर्वीच्या ठिपक्यावर आता मांडव उभा असू शकतो.

६. प्रत्यक्ष शोध

झुडूप सापडलं, उजाडलं आहे, वारा नाही. आता काय?

उभे राहा. चालू नका. आपल्याकडे माळावर किंवा जंगलात आपण चालत चालत पक्षी बघतो, आणि पाय तिथेही तेच करू पाहतात. पिसार्रिता झुडपाच्या आत, जमिनीपासून हात-दीड हात उंचीवर, फांदीवरून फांदीवर सरकत किडे आणि बिया टिपत असते. कुंपणात राखी वटवट्या शोधायची सवय असेल तर हीच पद्धत इथे लागू पडते : आधी हलणारं पान, मग सावली, मग पक्षी. तुम्ही चालत राहिलात तर ती तुमच्या पुढे पुढे, झुडपाआडून निघून जाते आणि तुम्हाला कळतही नाही.

ती सहसा जोडीने किंवा छोट्या कुटुंबाने असते. एक दिसली की लगेच तिच्यावर दुर्बीण खिळवून ठेवू नका, अवतीभवती बघा. बहुतेक वेळा दुसरी त्याच जाळीत असते आणि तीच आधी उघड्यावर येते.

आवाजाकडे लक्ष द्या. तिची हाक बारीक, आखूड, थोडी ओढलेली असते. गाणं म्हणजे चटचट म्हटलेली, गडबडगुंडा वाटावा अशी सुरेल ओळ. सकाळच्या पहिल्या तासात ती झुडपाच्या शेंड्यावर येऊन गाते, आणि तेव्हाच ती पूर्ण दिसते.

युतामध्ये मी असंच एका पाटाच्या वळणावर थांबले होते. पाण्यापलीकडे चिल्काची जाळी, अंतर दहा पावलंही नसेल. आधी आतली एक काडी हलली. मग एक चोच बाहेर आली, नुसती चोच, आणि ती इतकी पिवळी होती की क्षणभर मला ते वाळकं फूल वाटलं. मग डोकं. चोचीच्या मुळापासून डोळ्यापर्यंत काळसर पट्टा, त्यामागे शांत निळसर राखाडी. तिने पानाच्या खालच्या बाजूचा एक हिरवा किडा उचलला, फांदीवर दोनदा आपटला, गिळला आणि चोच दोन्ही बाजूंनी फांदीला घासून पुसली. पायही चोचीसारखेच पिवळे. एवढं सगळं होईपर्यंत माझा हात कॅमेऱ्याकडे गेला नाही, आणि त्याचं मला बिलकूल वाईट वाटत नाही.

रेकॉर्डिंग वाजवून पक्षी बोलावण्याचा मोह टाळा. खोरी अरुंद आहेत, झुडपाचे तुकडे लहान आहेत आणि त्याच त्या जोड्यांना प्रत्येक पाहुणा छळतो. शांत उभं राहिलं की ती येते, मग आवाज वाजवायची गरजच काय?

७. ओळख पक्की करा

लांबी साधारण पंधरा सेंटिमीटर, शेपूट लांब. वरून एकसारखा राखाडी रंग, खाली थोडा फिका, पोटाच्या मध्यभागी पांढुरका. पंखांवर पट्टे नाहीत. चोच लांबट, निमुळती, झळझळीत पिवळी. प्रौढ पक्षी एवढ्यावर पक्का होतो.

फसगत पिल्लांच्या बाबतीत होते. तरुण पक्षी तपकिरी असतो, छातीवर अस्पष्ट रेघा असतात आणि चोच अजून पिवळी झालेली नसते. अशा पक्ष्याबरोबर प्रौढ आहे का ते बघा, बहुधा असतोच.

ज्यांच्याशी गोंधळ होतो ते हे :

चिन्कोल म्हणजे रुफस-कॉलर्ड स्पॅरो सगळीकडे आहे. डोक्यावर पट्टे आणि मानेवर तांबूस पट्टा दिसला की सोडून द्या.

कोमेसेबो चिको म्हणजे सिनेरियस कोनबिल. हाही राखाडी, त्याच झुडपात, आणि नवखे सर्वांत जास्त यालाच पिसार्रिता म्हणतात. पण तो लहान आहे, त्याला फिकट भुवई असते, पंखावर पांढरा डाग असतो आणि चोच छोटी, काळसर असते.

प्लातेरो म्हणजे बँड-टेल्ड सिएरा-फिंच. याच्या नराची चोचही पिवळी आणि अंगही राखाडी, त्यामुळे हा खरा परीक्षा घेणारा. हा उघड्या कोरड्या उतारावर, जमिनीवर असतो. पोट स्वच्छ पांढरं, पाठीवर रेघा, आणि उडताना शेपटीत पांढरा पट्टा दिसतो. पिसार्रितेची शेपूट साधी.

थोडक्यात, राखाडी अंगावर नजर अडकवू नका. चोच बघा, भुवई बघा, पंख बघा, आणि पक्षी झुडपात आहे की मातीवर ते बघा.

त्याच खोऱ्यांत नशिबाने पिकाफ्लोर दे आरिका, म्हणजे चिलियन वुडस्टार, हा बोटभर गुंजनपक्षीही दिसू शकतो. तो गंभीर संकटात आहे, जगात काही शेकडेच उरले आहेत. तो दिसला तर लांब राहा, घरट्याच्या जवळपासही जाऊ नका.

८. शेतकरी, रस्ता आणि समुद्र

झुडपं बहुतेक कोणाच्या तरी शेताच्या कडेला असतात. कुंपण ओलांडायच्या आधी विचारा. "पेर्मिसो, पुएदो मिरार लोस पाहारोस?" (परवानगी असेल तर पक्षी बघू का?) एवढं म्हटलं तर बहुतेक जण हसून आत बोलावतात. फोनवर पक्ष्याचं चित्र तयार ठेवा, कारण कित्येकांना तो रोज दिसतो आणि कुठल्या पाटावर येतो हे ते हात करून दाखवतात. माझा अनुभव असा की ईबर्डच्या ठिपक्यापेक्षा शेतकऱ्याचं बोट जास्त अचूक असतं. शेतावर फवारणी चालू असेल तर त्या दिवशी तिथून निघा.

शेतात कुत्री असतात, मोकळी. पळू नका, सावकाश मागे या.

युता खोऱ्यातला रस्ता आरिका बंदरातून बोलिव्हियाला जाणारा आहे, आणि त्यावर मोठाले ट्रक सतत धावतात. झुडूप दिसलं म्हणून रस्त्याच्या कडेला गाडी उभी करू नका. बाजूचा कच्चा फाटा घ्या, तिथे लावा आणि चालत या.

सरहद्दीजवळ रस्ता सोडून वाळवंटात भटकू नका. १९७०च्या दशकात त्या भागात सुरुंग पेरले होते. सगळे काढल्याचं चिलीने २०२० मध्ये जाहीर केलं, पण पिसार्रितेसाठी तिकडे जाण्याचं काहीच कारण नाही, तिचं झुडूप नदीवर आहे.

नदीच्या मुखाशी असाल आणि जमीन जोरात हलली, तर सूचनेची वाट न बघता लगेच उंच भागाकडे चालायला लागा. या किनाऱ्यावर १३ ऑगस्ट १८६८ च्या भूकंपानंतर आलेल्या लाटांनी जहाजं जमिनीवर आणून टाकली होती. सुटकेचे मार्ग दाखवणाऱ्या पाट्या ठिकठिकाणी आहेत, पोचल्या दिवशीच त्या बघून ठेवा.

आरिका समुद्रसपाटीला आहे, तिथे उंचीचा त्रास नाही. पण अनेक जण पुढे पुत्रे गाव आणि लाउका राष्ट्रीय उद्यान जोडतात. पुत्रे साडेतीन हजार मीटरवर आहे आणि लाउकातला चुंगारा तलाव साडेचार हजारांच्या वर. एका दिवसात शून्यावरून तिथे चढू नका. पिसार्रिता आधी, डोंगर नंतर, आणि मध्ये पुत्रेला एक मुक्काम.

९. पहिल्या सकाळी दिसली नाही तर

दुसऱ्या सकाळी तीच जागा धरून बसू नका, झुडूप बदला. युतात मुखाजवळ बघितलं असेल तर आत पोकोनचिलेकडे जा. तिथेही नाही तर आसापातल्या जुन्या ऑलिव्ह बागांच्या पाटाकडेने फिरा. गाडी असेल तर पनअमेरिकन महामार्गाने दक्षिणेला पन्नासेक किलोमीटरवर चाका खोरं आहे, तेही छोटं आणि झुडपांनी भरलेलं.

दिसली की नोंद टाका. संख्या, वेळ, आणि कुठल्या झुडपात होती हे जरूर लिहा : चिल्का, बोरू, ऑलिव्ह, काय असेल ते. कुठल्या खोऱ्यात कोणती झाडी टिकली आहे आणि तिथे ती अजून आहे का, हे तिथल्या अभ्यासकांना अशाच नोंदींमधून कळतं. आणि झुडूप तोडलेलं, जळालेलं, मांडवाखाली गेलेलं दिसलं तर तेही लिहा, पक्षी दिसला नसला तरी.